उघाडीचा भोंगा

माझा भाऊ भूपेश एका जागी शांत बसलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. लग्नातसुद्धा भटजींनी त्याला दोनदा बजावलं होतं की नवरदेव, पाट हलवू नका, कलश सांडेल. तो आता एकेचाळीस वर्षांचा आहे. मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, त्यामुळे त्याच्याबद्दल वाकडं बोलायचा पहिला मान माझा. दुसऱ्या कुणी बोललेलं मला खपत नाही.

आमचं घर वसईच्या खाडीकाठी, भातशेतीचं. आम्ही लहान असताना आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नवा रेडिओ आणला. तिसऱ्या दिवशी भूपेशने तो खोलला. रेडिओ बिघडला नव्हता. हीच तर त्याची खोड आहे. बिघडलेल्या वस्तूकडे तो ढुंकून बघत नाही, नीट चाललेली मात्र त्याला बघवत नाही. हिला आणखी काहीतरी जोडलं तर ही आणखी बरी चालेल, असं त्याच्या डोक्यात येतं आणि एकदा आलं की त्याला घास गिळवत नाही. तो रेडिओ पुढे दोन स्टेशनं जास्त पकडायला लागला हे खरं, पण बातम्या ऐकताना आबांना तो हातात तिरका धरून बसावं लागे.

अशा माणसाला मोठेपणी लिनक्स भेटलं. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच.

वसईतल्या एका कॉलेजात तो कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. तिथले चाळीस कॉम्प्युटर लिनक्स या सिस्टीमवर चालतात. त्यात सॉफ्टवेअर घालायची रीत त्याने मला इतक्या वेळा समजावली आहे की आता मी झोपेतही सांगेन. त्या सिस्टीमचं स्वतःचं एक कोठार असतं. तिथला प्रत्येक प्रोग्राम कुणीतरी तपासून, शिक्का मारून ठेवलेला असतो. एक ओळ टाइप केली की हवा तो प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या बाकीच्या दहा गोष्टींसकट, निमूट येऊन बसतो. पुढे सिस्टीम नवी झाली की तोही तिच्याबरोबर नवा होतो. कोठारात जे नाही ते बाहेरून आणता येतं. जगात कुणीतरी ते लिहून आपल्या वेबसाइटवर ठेवलेलं असतं, ते घ्यायचं, लागलं तर आपल्या मशीनवर बांधून घ्यायचं. सिस्टीम अडवत नाही. एवढंच विचारते की हे माझ्या ओळखीचं नाही, तरी चालेल का? हो असेल तर वाय दाबा, नको असेल तर एन.

भूपेशला एन दाबताना मी कधी पाहिलेलं नाही. प्रश्न पुरता पडद्यावर उमटायच्या आत त्याचं बोट वायवर पडलेलं असतं.

लॅबचे प्रमुख रुडॉल्फ सर बरोबर त्याच्या उलटे. वसईजवळच्या होळी गावचे, घरी केळीची नि भाजीची वाडी, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. सरांचा नियम एकच. लॅबमध्ये बाहेरचं काही आणलं तर भिंतीवरच्या कागदावर लिहायचं, काय आणलं, कुठून आणलं, कशासाठी आणलं. "कोठारातल्याची काळजी सिस्टीम घेते," ते त्याला सांगत. "बाहेरून आणलेल्याची तू घ्यायची. तू विसरलास तर ती तुझ्यासाठी थांबणार नाही." कॉलेजात भूपेश मुकाट्याने लिहीत असे, कारण तो कागद सरांच्या खुर्चीमागेच होता. घरी असा कागद नव्हता आणि खुर्चीत बसणारे सरही नव्हते.

मला याचा प्रसाद मिळालेला आहे. मी फुलपाड्याला राहते, विरारच्या एका शाळेत गणित शिकवते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माहेरी आले तेव्हा त्याने माझा लॅपटॉप नुसता ‘बघायला’ घेतला. दोन तासांनी परत दिला तेव्हा त्यात लिनक्स होतं, आणि माझ्या प्रिंटरसाठी कुठल्याशा परदेशी माणसाने लिहिलेला एक प्रोग्राम. चालला, अगदी छान चालला. फेब्रुवारीत लॅपटॉपने स्वतःला नवं करून घेतलं, आणि दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रिंटरमधून एकामागून एक कोरी पानं यायला लागली. फोन केला तर म्हणतो, "ताई, तू अपडेटला हो कशाला म्हनालीस?" मी म्हटलं, "तुझ्याबरोबर वाढले ना, म्हनून." त्या रात्री प्रश्नपत्रिका मी हाताने लिहून काढली आणि त्याच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

आता उघाडीचं सांगते, कारण भूपेशची खरी गोष्ट तिथे आहे.

आमची शेती खारीत, खाडीच्या पातळीला. मध्ये मातीचा बांध आणि बांधाला एक दरवाजा. त्या दरवाजाला उघाडी म्हणतात. ओहोटीला उघाडी उघडायची, शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती चढायच्या आत ती बंद करायची. पुष्कळ ठिकाणी झडप असते, ती पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते. आमची जुन्या पद्धतीची आहे, सागाच्या सात फळ्या एकीवर एक खाचेत उतरवायच्या. ती वेळेवर मिटली नाही तर खारं पाणी आत शिरतं. निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेल्या भाताला खारं पाणी लागलं की दाणा भरत नाही, नुसती फोलं उरतात, आणि जमिनीतलं मीठ धुऊन जायला पुढचा अख्खा पावसाळा जातो. सतरा घरांची शेती त्या एका दरवाजामागे आहे. त्या फळ्यांच्या कुलपाची किल्ली चाळीस वर्षं आबांच्या करगोट्याला होती.

आबांचं नाव शत्रुघ्न. हलक्या आवाजात बोलणारा माणूस, आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. हिशेब सोपा होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यावर आमच्या खाडीचा एक तास घालायचा, कारण समुद्राच्या पाण्याला वळणं घेत आमच्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतो. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत आबा हे मोजत. मी पाऊणकी शिकले ती शाळेच्या आधी, त्यांच्या मांडीवर.

दोन वर्षांपूर्वी आबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बांधाच्या उतारावर जायची डॉक्टरांनी मनाई केली. किल्ली भूपेशकडे आली आणि महिन्याभरातच त्याला वाटायला लागलं की पाऊणपट फार ढोबळ आहे. त्यात खोटं काही नव्हतं. आबांचा हिशेब कधी कधी अर्धा तास मागेपुढे होई, पण आबा तो अर्धा तास बांधावर बसून पाण्याकडे बघत काढत. अर्धा तास बसायचं हेच भूपेशला जमणारं नव्हतं.

भरतीच्या वेळा काढणारा एक प्रोग्राम लिनक्सच्या कोठारात होता, पण रिकामा. आपल्या किनाऱ्याचे आकडे त्यात नव्हते. ते आकडे आणि ते वाचणारी नवी आवृत्ती कुणीतरी दूर देशात बसून आपल्या वेबसाइटवर ठेवली होती. भूपेशने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला ती वेबसाइट जोडून दिली. सिस्टीमने विचारलं, यांची सही मी ओळखत नाही, तरी? वाय. मग बांधणी सुरू झाली. काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी पळायला लागल्या आणि मध्येच अडल्या. अमुक एक गोष्ट नाही म्हणे. ती कोठारात नव्हती, तीही बाहेरून आणली. तिला आणखी तीन लागत होत्या. शनिवारी सकाळी बसलेला माणूस रविवारी दुपारी उठला. त्याची बायको सुरुची मला फोनवर सांगत होती, "ताई, चहा चार वेळा गरम केला, शेवटी मीच प्यायले."

पण प्रोग्राम चालल्यावर त्याने जे केलं त्याबद्दल मी त्याला मानते. आकडे मुंबई बंदराचे होते. आपल्या खाडीत किती फरक पडतो ते बघायला त्याने पाण्यात खांब रोवला, त्यावर रंगाचे पट्टे मारले, आणि महिनाभर रोज दोनदा जाऊन वेळ लिहिली. त्याच्यासारख्याने. फरक निघाला छप्पन्न मिनिटं.

"म्हंजे तासच की," आबा म्हणाले.

"तास नाय आबा. छप्पन्न."

मग छपरावर भोंगा चढला. उघडायच्या वेळी एक लांब आवाज, मिटायच्या वेळी दोन आखूड. त्याच वेळी सतरा घरांच्या फोनवर निरोप. दीड वर्ष एकदाही चूक झाली नाही. उघाडीला अगदी लागून ज्यांचं शेत आहे त्या यमुनाकाकू तर भोंग्यावर आपली औषधं घ्यायला लागल्या होत्या. गावातले लोक भूपेशला साहेब म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही शाळेत सांगताना बरं वाटे.

फक्त आबांचं मोजणं सुटत नव्हतं. ओटीवर बसल्या बसल्या अंगठा पेरांवर फिरे, आणि भोंग्याच्या दहा मिनिटं आधी हाक येई, "भूप्या, वेळ झाली रे." कधी भोंगा वाजून गेल्यावर, "घाई करतंय तुझं यंत्र, अजून पानी उतरतंय." रोज. भूपेशचा तसाही पारा चढायला वेळ लागत नाही. गेल्या श्रावणात एक दिवस गावातली चार माणसं ओटीवर बसलेली असताना आबांनी असंच काहीतरी म्हटलं, आणि हा सगळ्यांसमोर ओरडला, "आबा, तुमी मोजायचं बंद करा. तुमच्या मोजन्यानं माझा गोंधळ होतो. एका दरवाजाला दोन घड्याळं लागत नायत."

आबा म्हणाले, "बरं. नाय मोजत."

हे मला सुरुचीने सांगितलं. मी भूपेशला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, ताई, तुला सिस्टीममधलं कळत नाय. मी म्हटलं, मला बापामधलं कळतं. पण मी गेले नाही. घटक चाचण्या होत्या, मग गणपती आले. मी तेव्हाच जाऊन त्याला आबांपुढे उभं करायला हवं होतं. ते मी केलं नाही आणि ते मला आजही टोचतं.

भाद्रपदात चार दिवस धो धो पाऊस झाला. शेतं काठोकाठ भरली होती आणि भात नुकतं निसवत होतं. पाणी काढणं भाग होतं. त्यातच सर्वपित्री अमावास्या आली. आईचं पान ठेवायला मी आदल्या संध्याकाळी माहेरी आले. भाद्रपदातल्या त्या अमावास्येचं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं.

भूपेश ओटीवर कॉम्प्युटरपुढे बसलेला, एक पाय सारखा हलतोय. अख्खी सिस्टीम नवी करायला घेतली होती.

"आजच?" मी विचारलं.

"नवी आवृत्ती आलीय. दोन तासांत होईल."

"उद्या उधान हाय, भूप्या."

"म्हनून तर. नव्यावर आनखी नीट चालंल."

मी भोपळा चिरत त्याच्या मागेच बसले होते. पडद्यावर काही विचारलं जाई, त्याचं बोट पडे, पुढचं सुरू. मध्ये एक लांबलचक यादी आली. मी विचारलं, हे काय? "जुनं, नको झालेलं. काढू का म्हनतंय." वाय. वर्गात मी पोरांना ओरडते की आधी प्रश्न वाचा. मी तिथेच बसले होते. मीसुद्धा वाचला नाही.

पहाटे तो चारलाच उठला. नवी सिस्टीम बघायची हुरहूर, दुसरं काय. बॅटरी घेऊन बांधावर गेला आणि साडेचारला फळ्या काढून आला. उघडायचा भोंगा वाजलाच नाही, निरोपही आला नाही. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही, कारण भोंग्याने उठवायच्या आत तो उठलेला होता. परत येऊन त्याने आंघोळ उरकली आणि पुन्हा पडद्यापुढे बसला. अक्षरं बारीक झाली होती, रंग बदलले होते, काही चित्रं इकडची तिकडे गेली होती. इतकं सगळं नीट करण्यासारखं समोर असताना तो कुठला उठतो.

सुरुची नि मी स्वयंपाकघरात. खीर, वडे, अळूचं फदफदं, भोपळा, गवार. गावात सगळ्या घरी तेच. इतर कुठल्याही दिवशी बांधावर कुणी ना कुणी असतं, गवत कापायला, मासे धरायला. त्या सकाळी बांधावर चिटपाखरू नव्हतं.

सातच्या सुमारास मी आबांना चहा नेऊन दिला. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"भोंगा झाला काय गो?" त्यांनी विचारलं.

"नाय अजून."

"बरं," ते म्हणाले, आणि भूपेशच्या पाठीकडे बघत राहिले. साडेसातच्या आसपास ते काठी घेऊन उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. मला वाटलं, गुडघा दुखत असेल. कढईत तेल तापलं होतं. मी आत गेले.

साडेनऊला यमुनाकाकू अंगणात आल्या. कावळ्याला पान ठेवायला त्या आपल्या शेताच्या कडेला गेल्या होत्या. पाय घोट्यापर्यंत ओले.

"भूपेश," त्या म्हणाल्या, "माझ्या शेतात पानी चढतंय. मी चाखलं. खारं हाय."

भूपेश धावला. त्याच्या मागे मी, सुरुची, हळूहळू अर्धा गाव. उघाडीतून खाडी आत येत होती, मोठा आवाज करत, माणसाच्या कमरेएवढी. सहा जणांनी फळी खाचेत घालायचा प्रयत्न केला. फळी हातातून हिसकून शेतात गेली. त्या रेट्यापुढे काही चालणार नव्हतं. भरती पूर्ण होऊन पाणी थबकेपर्यंत वाट बघणं एवढंच उरलं होतं. जवळपास तीन तास सगळे बांधावर उभे होते. डोळ्यांदेखत निसवलेलं भात गुडघाभर, मग मांडीभर खाऱ्या पाण्यात गेलं. दुपारी सव्वाबाराला फळ्या बसल्या.

घरी येऊन भूपेशने कॉम्प्युटरवर आदल्या संध्याकाळचं सगळं लिखाण उघडलं आणि मला वाचून दाखवलं. सिस्टीम नवी करताना तिने आधी बाहेरची जोडलेली ठिकाणं बंद केली होती. तसं सांगितलंही होतं. मग विचारलं होतं की पुढचे प्रोग्राम आता कोठारातले नाहीत, यांना यापुढे आधार नाही, काढून टाकू? त्रेचाळीस नावं. एकतिसावं नाव भरतीच्या प्रोग्रामचं. त्याच्याखाली उत्तर, वाय.

"तिनं विचारलं होतं ताई," तो म्हणाला. "मला विचारून काढलं."

त्याचा पाय हलत नव्हता. मला त्याची भीती वाटली.

आमच्या खारीत एक रीत आहे. ज्याच्या हातून उघाडी चुकते त्याने त्याच दिवशी, अनवाणी, प्रत्येक घरी जायचं. घरात शिरायचं नाही, पाणी प्यायचं नाही. अंगणात उभं राहून आपल्या तोंडाने सांगायचं. समोरच्याने काही बोलायलाच हवं असं नाही. किल्लीचं काय करायचं ते गाव नंतर बसून ठरवतं. ही वेळ आमच्या घरावर आबांच्या वडिलांच्या काळात एकदा आली होती, त्यानंतर नाही.

आईचं पान तसंच झाकून ठेवून भूपेश निघाला. मी त्याच्या मागे गेले. मला बोलायची परवानगी नव्हती, पण त्याला एकट्याला सोडवेना. पहिलं घर यमुनाकाकूंचं.

"उघाडी माझ्या हातनं उघडी राहिली. खारं पानी आत आलं," तो म्हणाला.

"सगळं गेलं काय?" काकूंनी विचारलं.

"बांधालगतचं गेलं. मागचं बघायला लागंल."

काकूंनी मान हलवली आणि आत गेल्या. कुठे शिव्या बसल्या, कुठे नुसतं दार लागलं. सोनूकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोंगा का नाय वाजला?" भूपेशने त्यांना एन आणि वाय सांगायचा प्रयत्न केला, मग अर्ध्यातच थांबून म्हणाला, "मी बंद केला काका. माझ्याच हातनं." प्रत्येक अंगणात समोरचा माणूस वळून जाईपर्यंत तो उभा राहिला. घाई केली नाही. माझा जीव तुटत होता आणि रागही तेवढाच येत होता. शेतं डोळ्यांपुढून हलत नव्हती.

अशी सोळा घरं झाली. सतरावं आमचंच.

तो ओटीवर चढला नाही. अंगणात उभा राहिला. आबा खुर्चीत होते.

"आबा, उघाडी माझ्या हातनं उघडी राहिली. खारं पानी आत आलं."

आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "मला ठावं होतं."

भूपेशला कळेना. मलाही.

"सातला पानी फिरलं. साडेसातला फळ्या पडायला पायजे होत्या. मला ठावं होतं."

"मग बोलला का नाय आबा?"

"तू नको म्हनाला होतास ना मोजायला." आबांचा आवाज नेहमीसारखाच हलका होता. "सुटत नाय रे मोजनं. रोज मोजतो, मनात. पन तू यंत्रापुढेच बसलेला. म्हटलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त ठावं असंल. मी बोललो आनि मीच चुकलो, तर परत चार लोकांत..."

भूपेश खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, दोघांच्याही मुस्काटात द्यावी, आणि मग माझ्याही. सात वाजता चहाचा कप देताना त्या म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, आणि मी नाय अजून म्हणून वडे तळायला गेले होते.

आबांनी काठी ओढली. उठले. पायातल्या चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या आणि ओटीची पहिली पायरी उतरले.

"आबा, कुठे निघालात?" सुरुचीने विचारलं.

"त्याला ठावं नव्हतं म्हनून उघडी राहिली," आबा म्हणाले. "मला ठावं असून उघडी राहिली. मलाबी फिराया पायजे."

तिने माझ्याकडे बघितलं, की ताई, अडवा. मी अडवलं नाही. भूपेशने पुढे होऊन त्यांचा दंड धरायला हात केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग तो त्यांच्या मागे चालायला लागला. आबा एक पाऊल टाकत, थांबत, काठी पुढे टेकत, दुसरं पाऊल टाकत. भूपेशही तेवढंच चाले आणि तेवढंच थांबे. यमुनाकाकूंचं घर आमच्यापासून तीन मिनिटांवर आहे. त्यांना पाव तास लागला.

काकू पुन्हा अंगणात आल्या. आबांना बघून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. आबांनी काठी डाव्या हातात घेतली, श्वास लागला होता तो बसू दिला, आणि म्हणाले, "उघाडी माझ्या हातनं उघडी राहिली."